म्युझियममधलं एआर-व्हीआर: देवमाशाच्या हाडांवर कातडी कशी चढते?

गेल्या काही वर्षांत देशात कुठंही नवं संग्रहालय उघडलं की बातमीत ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी हे शब्द हमखास येतात. 2019 साली वाराणसीच्या मानमहालात व्हर्च्युअल अनुभवाचं संग्रहालय सुरू झालं. 2022 साली दिल्लीच्या प्रधानमंत्री संग्रहालयात हे तंत्र दिसलं. 2025च्या जानेवारीत आपल्या गुजरातेतल्या वडनगरला पुरातत्त्वाचं अनुभवात्मक संग्रहालय उघडलं, तेव्हापासून बडोद्यातही लोक विचारू लागले आहेत, की कमाटी बागेतल्या आपल्या म्युझियममध्ये असलं काही कधी येणार? कधी ते सरकार ठरवेल. पण आलं तर नेमकं काय येईल, ते चालतं कसं आणि त्यातलं आपल्याला खरंच उपयोगाचं काय, हे आधी समजून घेतलेलं बरं. एकदा निविदा निघाली, खोल्यांत पडदे लागले आणि पैसे खर्च झाले, की मग विचारून उपयोग नसतो.

दोन्हींत फरक काय?

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, थोडक्यात एआर, म्हणजे समोरचं खरं दृश्य तसंच ठेवून त्याच्यावर आणखी काही चढवणं. शाळेत नकाशावर बटर पेपर ठेवून आपण नद्या काढायचो, तसंच. खालचा नकाशा खरा, वरच्या रेघा आपल्या, आणि दोन्ही एकत्र दिसतात. फक्त इथं बटर पेपरचं काम मोबाईलचा पडदा करतो. 2016 साली पोकेमॉन गो खेळत पोरं रस्त्यांवर फिरत होती, किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यात आपल्याच चेहऱ्याला सशाचे कान फुटतात, ते एआरच.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे व्हीआर, हा वेगळा प्रकार. यात डोळ्यांवर बंदिस्त चष्मा चढवतात. त्याला हेडसेट म्हणतात. तो चढवला की समोरचं दालन दिसायचं बंद होतं आणि संगणकाने रचलेली दुसरीच जागा दिसते. मान वळवली की ती जागाही वळते.

म्हणजे एआरमध्ये तुम्ही म्युझियममध्येच असता आणि व्हीआरमध्ये म्युझियममधून बाहेर जाता. वाचायला साधं वाटतं, पण कुठल्या दालनात काय वापरावं याचं उत्तर बहुतेक वेळा याच फरकातून मिळतं.

मोबाईलला कळतं कसं, की समोर काय आहे?

मोबाईलला देवमासा कळत नाही की मूर्ती कळत नाही. त्याला कळतात ठिपके. कॅमेऱ्यातून येणाऱ्या प्रत्येक चित्रात तो ठळक जागा शोधतो: कोपरे, कडा, उजेड आणि सावली जिथं एकदम बदलते अशा खुणा. मग या खुणांची मांडणी आधी साठवलेल्या छायाचित्रांतल्या मांडणीशी ताडून पाहतो. जुळली, की वस्तू सापडली.

दुसरं काम जास्त कठीण. तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकलात, तर वर चढवलेलं चित्रही तेवढंच सरकायला हवं, नाहीतर हाडं इकडे आणि कातडी तिकडे. त्यासाठी मोबाईलमधले वेग आणि वळण मोजणारे सेन्सर आणि कॅमेऱ्यातल्या त्या खुणा, दोन्हींची सांगड घालून मोबाईल सेकंदाला तीसेक वेळा हिशेब करतो, की मी आता नेमका कुठं आहे आणि कुठल्या कोनात धरलेला आहे.

जुन्या म्युझियममध्ये ही यंत्रणा हटकून अडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे मंद उजेड. चित्रांचे रंग आणि कापड टिकावं म्हणून दिवे मुद्दाम मिणमिणते ठेवलेले असतात, आणि मंद उजेडात खुणा सापडत नाहीत. दुसरी अडचण काचेच्या कपाटाची. काचेत खिडकी दिसते, ट्यूबलाइट दिसते, तुमचा स्वतःचा चेहरा दिसतो, आणि मोबाईल त्यांनाच खुणा समजून बसतो. प्रात्यक्षिकाच्या स्वच्छ खोलीत झकास चाललेलं अ‍ॅप प्रत्यक्ष दालनात थरथरायला लागतं ते बऱ्याचदा यामुळे.

वस्तूची प्रत कशी काढतात?

एखादी मूर्ती पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून पाहायची, तर आधी तिची त्रिमिती प्रत हवी. सगळ्यांत स्वस्त पद्धत फोटोग्रामेट्रीची. मूर्तीभोवती फिरून चांगल्या कॅमेऱ्याने शंभर-दोनशे फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग यायला हवा. मग संगणक एकच खूण वेगवेगळ्या फोटोंत कुठं दिसते हे पाहून, जमीन मोजणारे त्रिकोण मांडून अंतर काढतात त्याच गणिताने, ती खूण अवकाशात कुठं आहे ते काढतो. अशा लाखो खुणा जोडल्या की मूर्तीचा आकार उभा राहतो.

आता आपल्या अकोट्याच्या कांस्यमूर्ती घ्या. 1951 साली बडोद्याला लागूनच्या अकोट्यात सापडलेल्या या जैन मूर्ती बडोदा म्युझियमचं भूषण आहेत. जैन कलेचे अभ्यासक उमाकांत शाह यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांत मुकुट आणि दागिने घातलेला, संन्यास घेण्यापूर्वीचा महावीर, म्हणजे जीवंतस्वामी आहे, आणि हातात चवरी घेतलेली ती सुप्रसिद्ध चामरधारिणी आहे. कांस्य चकाकतं. फोटो काढणारा सरकला की चकाकीही सरकते, आणि संगणक तिला मूर्तीचाच भाग समजतो. मग गुळगुळीत खांद्यावर नसलेले फोड उठतात. त्यासाठी पसरलेला, मऊ उजेड आणि चकाकी गाळणाऱ्या काचा वापरून एकेक मूर्ती धीराने टिपावी लागते. घाईत उरकायचं हे काम नाही.

पण ते केलं तर मिळतं काय? या मूर्तींपैकी काहींवर, दान कुणी केलं ते सांगणारे लेख कोरलेले आहेत. कपाटात ठेवलेल्या मूर्तीची पाठ कुणाला दिसते? ब्राह्मी वळणाची अक्षरं आपल्यातल्या कितीजणांना वाचता येतात? मोबाईल रोखल्यावर मूर्तीची प्रत फिरली, लेखावर थांबली, अक्षरामागून अक्षर उजळत गेलं आणि शेजारी त्याचं देवनागरी वाचन आलं, तर दीड हजार वर्षांपूर्वी याच गावात मूर्ती घडवून घेणाऱ्या माणसाचं नाव तुम्ही स्वतः वाचलेलं असेल. मला या तंत्राची खरी ओढ वाटते ती अशा जागी.

जे डोळ्यांना दिसत नाही, ते दाखवणं

बडोदा म्युझियममध्ये लहान मुलं सगळ्यांत जास्त वेळ थांबतात ती निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी. मही नदीच्या मुखाकडे वाहून आलेला हा जीव सुमारे 70 फूट लांब. मुलं डोक्यापासून शेपटीपर्यंत चालत जातात, परत येतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात: “आजोबा, हा जिवंत असताना कसा दिसायचा?” आजोबा हात पसरून काहीतरी सांगतात. इथं एआर उपयोगी पडतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने 2015 साली हाडांच्या जुन्या दालनातल्या 13 सांगाड्यांसाठी असं अ‍ॅप काढलं. मोबाईल रोखला की हाडांवर स्नायू आणि कातडी चढायची, आणि रक्तपिपासू वटवाघूळ चक्क उडू लागायचं. दालन तेच, सांगाडेही तेच. एक खिळासुद्धा हलवला नाही.

दुसरी गोष्ट ममीची. आपल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, आणि तिच्यासमोर मोठी माणसंही आवाज खाली आणतात. गुंडाळलेल्या कापडाच्या आत काय आहे, हे पाहण्यासाठी पूर्वी ममी उलगडत आणि कायमची बिघडवत. आता इस्पितळातल्यासारखा सीटी स्कॅन करतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने 2014 साली आठ ममींचे असे स्कॅन लोकांसमोर मांडले. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने 2017 साली एआरच्या साहाय्याने ममीच्या आतली हाडं दाखवली. पाहणारा ममीसमोर उभा राहून मोबाईल धरायचा आणि आतला सांगाडा जागच्या जागी दिसायचा.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण त्याचा आपल्या बडोद्यातल्या तांबेकर वाड्याशी संबंध जोडता येतो. चित्रकार मार्क रॉथ्को यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी 1960च्या दशकात मोठी चित्रं केली होती. ती उन्हाच्या खोलीत लावली गेली आणि त्यांतला लाल रंग उडून गेला. वर नवा रंग लावला असता तर मूळ चित्रच झाकलं गेलं असतं. म्हणून 2014 साली प्रत्येक चित्रावर प्रोजेक्टरमधून असा हिशेबी उजेड टाकला, की उडालेला रंग डोळ्यांना भरून दिसावा. चित्राला बोट लागलं नाही. रोज दुपारी चार वाजता हे प्रोजेक्टर बंद करत, म्हणजे आज चित्र खरोखर कसं आहे तेही लोकांना दिसे. मोबाईल नाही, हेडसेट नाही, तरी जात एआरचीच: खऱ्यावर चढवलेला एक थर.

दिवाण भाऊ तांबेकरांच्या वाड्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांकडे या नजरेने पाहा. कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, मराठे-इंग्रज लढाया, मधूनच गोऱ्या मडमा. काही ठिकाणी रंग इतका गेलाय, की कोण कुणावर धावून चाललंय ते कळत नाही. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथं भिंतीवर ब्रश चालवणं सोपं नाही आणि नसावंही. पण मोबाईलच्या पडद्यावर एका भिंतीची रेषा पुन्हा ठळक करून दाखवता आली, तर पाहणाऱ्याची नजर त्या पुसट भिंतीवर परत जाईल आणि त्याला तिथलीच खरी रेषा सापडू लागेल.

मग हेडसेट कशाला?

जिथं जाता येत नाही, तिथं जाण्यासाठी. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात मोनालिसा जाड काचेमागे आहे. चित्र जेमतेम 77 सेंटिमीटर उंच आणि समोर गर्दी एवढी, की बहुतेकांना दिसतात पुढच्याची डोकी. 2019च्या अखेरीस लुव्रने हेडसेटमधून सात-आठ मिनिटांचा अनुभव दिला. त्यात चित्र अगदी जवळून दिसे आणि ती बाई सज्जात बसलेली दिसे.

हेडसेट प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दाखवतो, मेंदू ती दोन्ही जुळवतो आणि जवळ-लांबचं अंतर जाणवतं. मान हलल्यापासून चित्र हलेपर्यंत साधारण 20 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला, तर जीव कासावीस होतो. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातली तोल सांभाळणारी इंद्रियं सांगतात जागेवरच आहोत, आणि मेंदूला काही सुधरत नाही. घाटात गाडी लागते त्यामागेही हेच कारण. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी हेडसेट बसूनच लावावा. जाड भिंगाचा चष्मा असेल तर आधी विचारावं. मेटा कंपनी आपल्या हेडसेटसाठी 10 वर्षांखालच्या मुलांना खातंच उघडू देत नाही, तेव्हा बालवाडीच्या सहलीसाठी हे नव्हे.

आणि रांगेचा साधा हिशेब करून बघा. सात मिनिटांचा अनुभव, हेडसेट पुसून पुढच्याच्या डोक्यावर नीट बसवायला तीन मिनिटं. म्हणजे एका हेडसेटवर तासाला सहा माणसं. दहा हेडसेट घेतले तरी साठ. रविवारी कमाटी बागेत उसळणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा.

म्हणून मला वाटतं, म्युझियमच्या दालनात व्हीआर नको. ते द्यावं गुडघ्यांमुळे पावागडचा डोंगर चढणं सोडलेल्या आजींना, खाटेवरच्या माणसाला, छोट्या गावातल्या शाळेला. पावागडच्या पायथ्याचं चांपानेर 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या जामा मशिदीचं कोरीवकाम, वरच्या मजल्यापर्यंत, आजींना घरच्या खुर्चीत बसून पाहता यायला हवं.

घरबसल्या दिसलं, तर म्युझियममध्ये जाईल कोण?

ही शंका नेहमी येते. पण आजपर्यंत कुठल्याही छापील चित्राने मूळ चित्राची ओढ कमी केलेली नाही. रविवर्म्यांची चित्रं घराघरांत कॅलेंडरवर टांगलेली होती आणि आहेत, म्हणून बडोद्याच्याच फत्तेसिंहराव म्युझियममध्ये मूळ चित्रापुढे लोक थांबायचे राहिले नाहीत. देवमाशाच्या खाली उभं राहिल्यावर मान वर करावी लागते, आणि ती मान वर करणं मोबाईलच्या पडद्यावर होत नाही.

प्रत लागते ती मूळ वस्तू राहिली नाही तर. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुसंख्य गेल्या. आगीआधी गूगलने आतल्या दालनांची छायाचित्रं टिपली होती, त्यांवरून काही दालनांतून आजही फिरता येतं. हळहळ त्याने कमी होत नाही, पण काय होतं ते तरी कळतं.

आणि चुकीचं दाखवलं तर?

ही शंका मला पहिल्या शंकेपेक्षा पुष्कळ गंभीर वाटते. हाडांवरून देवमाशाची लांबी पक्की कळते, तो नेमका कुठल्या छटेचा होता ते तेवढं पक्कं कळत नाही. भिंतीवर उडालेला रंग लाल होता की शेंदरी, हे कुणीतरी ठरवतं. छापील पाटीवर “बहुधा” लिहिता येतं. पडद्यावरच्या झगझगीत चित्रात “बहुधा” कुठं दाखवणार?

यावर अभ्यासकांनी विचार केलेला आहे. लंडन चार्टर नावाचा एक मसुदा 2006 साली तयार झाला आणि 2009 साली सुधारला गेला. त्याचा गाभा असा, की संगणकाने जुनी गोष्ट उभी केली, तर पुराव्याने सिद्ध भाग कुठला आणि अंदाजाचा कुठला, हे पाहणाऱ्याला कळलंच पाहिजे आणि कशाच्या आधारावर केलं त्याची नोंद राहिली पाहिजे. करायला हे अवघड नाही. अंदाजाचा भाग फिका दाखवा, किंवा एक बटण द्या, ते दाबलं की फक्त पुरावा असलेला भाग उरतो. हार्वर्डचे प्रोजेक्टर रोज चारला बंद होत, ते याच प्रामाणिकपणाने. आपल्याकडे कुणी असं काही करणार असेल, तर निविदेच्या अटींत ही अट आधी लिहावी.

खर्च किती दिवस टिकेल?

डेट्रॉइटच्या त्या ममीकडे परत येऊ. तो प्रयोग गूगलच्या टँगो या तंत्रावर उभा होता, आणि त्यासाठी खास मोबाईल लागत. 2018च्या मार्चमध्ये गूगलने टँगो बंद केलं. म्हणजे उद्घाटनानंतर जेमतेम सव्वा वर्षात पायाच निघून गेला. पुढे 2019 साली गूगलने आपला डेड्रीम हा व्हीआरचा प्रकारही थांबवला. 2024 साली मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स या एआर चष्म्यांचं उत्पादन बंद केल्याचं सांगितलं. ममी हजारो वर्षांची, आणि तिला दाखवणारं यंत्र दोन वर्षंही टिकत नाही.

त्यामुळे पैसा यंत्रात कमी आणि मजकुरात जास्त घालावा. चांगले त्रिमिती साचे, मोठ्या आकाराची छायाचित्रं, तपासलेली माहिती, शिलालेखांची वाचनं, आणि हे सगळं कुठल्याही कंपनीच्या कुलपात न अडकणाऱ्या, सर्रास चालणाऱ्या फाइलींत. यंत्र बदललं तरी ते नव्या यंत्रावर चढवता येतं. पाहणाऱ्यांसाठी वेगळं अ‍ॅप उतरवण्याची सक्तीही नको. आज क्यूआर कोड टिपला की ब्राउझरमध्येच एआर उघडू शकतं, आणि क्यूआर टिपणं तर भाजीवाल्याकडे पैसे देणाऱ्या प्रत्येकाला येतं.

बडोद्यात सुरुवात कुठून करावी?

नोंदवहीपासून. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेली जतन नावाची प्रणाली देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तूंच्या डिजिटल नोंदींसाठी वापरतात. वस्तू कोणती, कुठून आली, कधी आली, माप काय, अवस्था कशी, हे नीट नोंदलेलं नसेल, तर तिच्यावर चढवायला एआरकडे काही नाही. हे काम दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. ते करणाऱ्या म्युझियमच्या माणसांना वेळ, कॅमेरे आणि हाताखाली शिकाऊ पोरं मिळाली पाहिजेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेचा आणि म्युझियमशास्त्राचा अभ्यास होतो, त्यामुळे पोरं लांबून आणायची गरज नाही.

त्यानंतर भाषा. छापील पाटीवर जागा दोनच भाषांपुरती असते, आणि त्या बहुधा गुजराती नि इंग्रजी असतात, ते योग्यच आहे. मोबाईलवरच्या थराला जागेची अडचण नाही. दांडिया बाजारातल्या आजोबांना मराठीत, पाहुण्यांना हिंदीत, दिसत नसलेल्यांना आवाजात, एकाच मूर्तीची माहिती देता येते. मराठी मजकूर मात्र इंग्रजीवरून यंत्राने उतरवलेला नको. गायकवाडांच्या कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांत गंगावतरण आहे, मीराबाई आहे, अभिमन्यूचा वध आहे. या कथा आपल्याकडे ज्या शब्दांत सांगतात, त्याच शब्दांत तिथं ऐकू आल्या पाहिजेत, आणि तसं सांगू शकणारी माणसं या शहरात आहेत.

आणि पहिला प्रयोग लहान असावा: अकोट्याच्या दोन मूर्ती, देवमासा आणि तांबेकर वाड्यातली एक भिंत, एवढाच. सहा महिने लोकांना वापरू द्यावा. कुठं मोबाईल थरथरतो, कुठं मुलं मोबाईल खाली ठेवून पुन्हा वस्तूकडे बघतात आणि कुठं नुसतीच पडद्यात अडकतात, हे दालनातल्या रखवालदारांना विचारून लिहून काढावं. ते दिवसभर तिथंच उभे असतात, त्यांना सगळं दिसतं. पुढचा पैसा त्या नोंदी वाचून मागावा.